सार्वजनिक म्हणजे कुणाचं?

‘पब्लिक’ला मराठीत ‘सार्वजनिक’ म्हणतात हे सांगायला कुणी विद्वान लागत नाही. मीही ते एका दुपारी, जेवण अंगावर आलेलं असताना, फारसा विचार न करता लिहून टाकलं. त्याच्या वर ‘खाजगी’ लिहिलं. दोन शब्द, दोन गोल ठिपके, ज्यावर बोट ठेवाल तो काळा होणार. आयुष्यात मी याहून कितीतरी अवघड कामं केली आणि ती सुरळीत पार पडली. या दोन शब्दांनी मात्र मला पुरतं दमवलं.

आमचा धंदा सांगायला सोपा आणि समजावायला अवघड. बेळगावात, हिंडलग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, एका झेरॉक्सच्या दुकानाच्या वर आमच्या दोन खोल्या आहेत. तिथून आम्ही शाळा, मंगल कार्यालयं, तालमी, महिला मंडळं अशा लोकांना त्यांचे कागद आणि फोटो ठेवायला जागा देतो. जागा म्हणजे दूर कुठेतरी असलेल्या मोठ्या यंत्रांवरची जागा. ती आम्ही घाऊक घेतो, तिला आपलं साधं दार बसवतो आणि थोडी थोडी करून लोकांना देतो. शिकलेले लोक याला क्लाउड म्हणतात. बाकीचे ‘तुमचं ते’ म्हणतात, आणि मला तेच बरं वाटतं.

पुण्यात वीस वर्षं मी हेच काम मोठ्या कंपनीत केलं. वडील अंथरुणाला खिळले म्हणून हिंडलग्याला परत आले. ते गेले, मी राहिले. माझे भागीदार बोरगावचे, जैन शेतकरी घरातले, कन्नड आणि मराठी दोन्ही जिभेवर, माझ्याहून दोन वर्षांनी मोठे. सगळं जग त्यांना अण्णा म्हणतं, मीही म्हणते. अण्णांना दोन भाषा येतात, पण ‘नाही’ हा शब्द त्यांना एकाही भाषेत येत नाही.

सार्वजनिक फाइली ठेवायची सोय द्यावी की न द्यावी, यावर आमचं पाच-सहा महिने चाललं होतं. तोवर आमच्याकडे ठेवलेली प्रत्येक फाइल कुलपात असायची. ज्याची त्याची किल्ली ज्याच्या त्याच्याकडे. गिऱ्हाइकांची तक्रार होती की निमंत्रणपत्रिका ठेवायची, तालमीच्या कुस्त्यांचं पत्रक ठेवायचं, तर ते चारचौघांना बघता यायला नको का? किल्ली किती जणांना वाटायची? त्यांचं काही चुकत नव्हतं.

“मॅडम, दार उघडं ठेवल्याबिगर दुकानात कोण यील ओ?” अण्णा म्हणायचे.

मी घाबरायची कारणं मोजून दाखवायची. लोक चोरीचे सिनेमे आणून ठेवतील. कुणी घाणेरडे फोटो टाकेल आणि पोलीस आपल्या दारात येतील. कुणी कुणाची बदनामी करणारं पत्रक टाकेल. निवडणुकीच्या दिवसांत तर बघायलाच नको. अण्णा सगळं ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारायचे. शेवटी मी हो म्हटलं. पटलं म्हणून नव्हे. रोज तोच विषय, तोच चहा, तीच मान. मला कंटाळा आला होता, एवढंच.

इंग्रजी दिसलं की आमच्या निम्म्या गिऱ्हाइकांचं बोट हवेतच थांबतं. म्हणून सगळं मराठीत आणि कन्नडमध्ये करायचं ठरलं. मराठी माझ्याकडे, कन्नड अण्णांकडे. संध्याकाळी ताळा बघायला बसलो तर दोघांनीही एकच शब्द लिहिलेला. मराठीत सार्वजनिक, कन्नडमध्येही सार्वजनिक. आमचा आनंद काय विचारता! पाटी कुठल्या भाषेत लावायची, कुठली अक्षरं वर, कुठली खाली, यावरून जिथे डोकी फुटतात, तिथे आम्हाला दोन्ही बाजूंना चालणारा शब्द सापडला होता. तोंड गोड करायला अण्णांनी खाली जाऊन कुंदा आणला.

मी ज्याला घाबरत होते त्यातलं एकही घडलं नाही. सिनेमे आले नाहीत, पोलीस आले नाहीत. आल्या त्या आक्का.

आक्का निपाणीच्या. मराठी शाळेत शिकवण्यात हयात गेली, आता सत्तरीच्या. शाळा सुटल्यावर फावल्या वेळात त्यांनी लग्नं जुळवायला सुरुवात केली आणि तेच त्यांचं खरं काम झालं. अण्णांच्या धाकट्या बहिणीचं लग्न त्यांच्याच वहीतून ठरलेलं. त्या वहीतलं एक पान म्हणजे एक स्थळ. वर फोटो चिकटवलेला, खाली शिक्षण, उंची, नोकरी, मामाचं घर, शेती. आणि सगळ्यात खाली, लाल पेनानं आखलेला एक रकाना: ‘सांगायचं राहिलेलं’.

तो रकाना ही आक्कांची स्वतःची रीत. मुलीचे किंवा मुलाचे आईवडील उठायला लागले की आक्का म्हणायच्या, “बसा जरा. आता जे सांगायचं ऱ्हायलंय ते सांगा.” मग ते दबक्या आवाजात सांगायचे. आधी एक सुपारी मोडली होती. एका कानानं कमी ऐकू येतं. थोरल्या भावाचं घरात पटत नाही. आक्का ते त्या रकान्यात लिहायच्या. पान कुणाला दाखवायचं झालं तर त्या रकान्यावर कोरा कागद ठेवायच्या. दोन्ही घरं एकमेकांना पसंत पडली की आक्का स्वतः उठून समोरच्या घरी जायच्या, दार ओढून घ्यायला सांगायच्या आणि तो रकाना तोंडी सांगायच्या. त्यावर हो आलं तर लग्न. त्यांनी जुळवलेली लग्नं टिकायची, आणि का टिकायची हे त्या पट्ट्यात सगळ्यांना ठाऊक होतं.

वह्यांना कसर लागली होती आणि आक्कांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन बिघडलं होतं. म्हणून त्या आमच्याकडे आल्या. फोननं पानाचा फोटो कसा काढायचा, तो आमच्या जागेत कसा टाकायचा, मी एका बैठकीत शिकवलं. त्यांनी घरी खिडकीपाशी बसून, रोज थोडी थोडी करत, सगळ्या वह्या आत टाकल्या. आमच्या जागेला त्या कपाट म्हणायच्या. “तुज्या कपाटात आज पन्नास पानं ठेवली बघ गं,” असा फोन यायचा. सगळं आल्यावर, एका सोमवारी, मी त्यातली दोन-चार पानं उघडून बघितली. अक्षर स्वच्छ आलं होतं. मग पुढच्या कामाला लागले.

पुढच्याच आठवड्यात सकाळी आक्कांचा फोन आला. नेहमीचा आवाज नव्हता.

“वही लोकांच्या फोनात फिरालीया गं.”

झालं होतं असं. निपाणीजवळच्या एका गावातली मुलगी, बेळगावात रक्ततपासणीच्या लॅबमध्ये नोकरीला. तिचं सांबऱ्याच्या एका घरी ठरलं होतं. आक्कांनी रीतीप्रमाणे तिथे जाऊन दार ओढून सगळं सांगितलं होतं. तिच्या रकान्यात एवढंच होतं: ‘सोळाव्या वर्षापर्यंत फिट यायच्या. आता गोळी बंद, काही त्रास नाही.’ सांबऱ्याच्या लोकांनी ऐकलं, डॉक्टरची चिठ्ठी बघितली आणि हो म्हटलं. सुपारी फुटली. साखरपुड्याची तारीख धरली. मग मुलाच्या आईनं, लांबच्या नातलगांना मुलगी दाखवायला फोटो पाठवा म्हणून आक्कांना सांगितलं. एवढं कपाट घेतलंय तर वापरावं, म्हणून आक्कांनी गुरुवारी त्या पानाची लिंक पाठवली. घरात ठाऊकच होतं, तेव्हा रकान्यावर कोरा कागद ठेवून नवा फोटो काढायचं त्यांच्या मनातही आलं नाही. घरातून लिंक भावकीच्या ग्रुपवर गेली. भावकीतून गावात.

लिंक उघडायला किल्ली लागत नव्हती, कारण आक्कांनी ‘सार्वजनिक’वर बोट ठेवलं होतं.

मी दहा मिनिटांत सगळं कुलपात टाकलं. लोकांनी आधीच फोटो काढून ठेवले होते, त्यांना माझं कुलूप काय करणार? अण्णा आणि मी तसेच निपाणीला गेलो. आक्का वह्यांसमोर बसल्या होत्या. मी चिडलेच होते. “आक्का, सार्वजनिक कशाला केलंत?” मी विचारलं.

“मग काय खाजगी करू? खाजगी म्हंजे माझ्या एकटीचं. वही माझ्या एकटीची हाय व्हय? समद्यांची हाय.”

“अहो, पण सार्वजनिक म्हणजे कुणालाही दिसणार!”

“कुणालाबी कसं? सार्वजनिक वाचनालयात कोणबी घुसून कपाट उघडतंय व्हय? मेंबर येतोय, वहीत सही करतोय, बाई म्होरं बसल्याली असती. सार्वजनिक गणपतीच्या मांडवात कोणबी येऊन मूर्ती हलवतंय? सार्वजनिक म्हंजे आपल्या समद्यांचं, आणि समद्यांनी जपायचं. तूच लिवलंयस न्हवं ते?”

मीच लिहिलं होतं. या शब्दाला आमच्याकडे सही करायला वही असते, समोर बसलेली बाई असते, मंडळाचे अध्यक्ष असतात. मी तो सगळा संसार मागे ठेवून नुसता शब्द उचलून आणला होता. अण्णा खिडकीबाहेर बघत होते. कन्नडमध्येही तोच शब्द, आणि तिथेही तेच अध्यक्ष.

दोन दिवसांनी मी आक्कांना घेऊन सांबऱ्याला गेले. माफी मागायची, चूक आमची आहे म्हणून सांगायचं आणि लग्न मोडू नका म्हणून हात जोडायचे, एवढंच ठरलं होतं. मुलाच्या आईनं चहा दिला. माणसं चांगली होती, तोच तर त्रास. विमानतळ जवळच, डोक्यावरून विमान गेलं तेव्हा तिनं कप पुन्हा भरले. मुलगा दाराच्या चौकटीला टेकून उभा होता, त्यानं एकदाही मान वर केली नाही.

“आक्का, तुमच्यावर राग न्हाय,” मुलाची आई म्हणाली. “तुमी दार ओढून सांगिटलंतं, आमी व्हय म्हटलंतं. फिट कुणाला येत न्हाईत? माझ्या भावाला यीत हुती.”

“मग आता काय बदललं?” मी विचारलं.

“आता ते आमच्या जावंच्या फोनात हाय. काल दुधाच्या डेरीत एक बाई मला विचारत हुती, तुमची सून फिटची हाय म्हणं. तवा आमाला ठावकी हुतं, ताई. आता गावाला ठावकी झालं.”

आक्का पदरानं तोंड पुसत राहिल्या. मी वाद घालू शकले असते. ठाऊक असलेलीच गोष्ट, एकही अक्षर जास्त नाही, मग फरक कसला? पण फरक होता आणि तो मला त्या बाईपेक्षा जास्त कळायला हवा होता. त्याच फरकावर तर माझा धंदा उभा आहे.

साखरपुडा रद्द झाला.

त्यानंतर अण्णा आणि मी पुन्हा त्याच विषयावर आलो. सार्वजनिक सोय ठेवायची की काढायची? अण्णांचं म्हणणं, शब्द बदलू. “अनोळखी माणसालाही दिसेल” असं सरळ लिहू. एका म्हातारीच्या चुकीपायी तालमीची पत्रकं कशाला बंद करायची? बोलणं पटण्यासारखं होतं. मी म्हटलं, विचार करू. आम्ही विचार करत होतो, तेवढ्यात ती मुलगी आली.

एकटीच आली, लॅबची दुपारची सुट्टी धरून. तिशीची असेल. निळा ड्रेस, केस घट्ट बांधलेले, हाताला औषधाचा वास. मी पाणी दिलं, ते तिनं प्यायलं नाही. मी माफी मागायला सुरुवात केली, तर तिनं हातानं थांबवलं.

“माझं पान किती जणांनी बघितलं, ते सांगता येतं तुमास्नी?”

येतं. कुठली फाइल कधी, किती वेळा उघडली, याची नोंद यंत्र ठेवतंच. नावं नसतात, वेळ असते. तिचा हक्कच होता तो. मी तिच्या पानाची नोंद काढली, छापली आणि तिच्यापुढे ठेवली. एक पान भरून तारखा आणि वेळा.

लोक असा कागद बघतात म्हणजे खालचा आकडा बघतात. ती लॅबमध्ये काम करणारी. तिनं पेन काढलं आणि वरपासून एकेक ओळ वाचायला घेतली.

“आक्कांनी लिंक गुरुवारी पाठवली न्हवं?”

“हो.”

“मग ही पैली वळ सोमवारची कशी? सोमवारी दुपारी. तवा तर कुणाकडंच लिंक न्हवती.”

तिनं पेनाचं टोक त्या ओळीवर ठेवलं होतं. अण्णा आतल्या खोलीत कन्नडमध्ये फोनवर बोलत होते. मला काहीही सांगता आलं असतं. यंत्राची चाचणी असते, म्हटलं असतं तर तिला काय कळणार होतं? पण ती मान वर करून माझ्याकडे बघत होती, आणि मला खोटं बोलायचंसुद्धा त्राण नव्हतं.

“ती मी,” मी म्हणाले.

मग सगळंच सांगितलं. मागे मी लिहिलं की दोन-चार पानं उघडून बघितली. दोन-चार नव्हती. त्या सोमवारी मी चहाचा कप घेऊन बसले आणि अक्षर बघता बघता तासभर वाचत राहिले. लाल रकाने वाचत राहिले. कुणाच्या कानाचं, कुणाच्या भावाचं, हिच्या फिटचं. गोष्टीचं पुस्तक वाचावं तसं. आणि वाचताना मला वरचा काळा ठिपका दिसत होता. ‘सार्वजनिक’. आक्कांना फोन करायला हवा, हे कळलं होतं. पण आक्कांना फोन म्हणजे अर्धा तास. सगळं पहिल्यापासून समजावा, डोळ्याची चौकशी करा, त्यांच्या शेजारणीचं ऐका. उद्या करू म्हटलं. उद्या मंगळवार आला, बुधवार आला. गुरुवारी त्यांनी लिंक पाठवली.

ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, “तुमास्नी ठावकी हुतं. तीन दिस.”

“दमले होते गं,” मी म्हणाले. याहून खरं माझ्यापाशी काही नव्हतं, आणि म्हणताना त्याची लाज वाटली.

तिनं कागदाची घडी घातली.

“मीबी रोज दमती, ताई. शंभर बाटल्या येत्यात. पण एकाची चिठ्ठी दुसऱ्याच्या बाटलीला लावून मी घरला जात न्हाय.”

कागद पर्समध्ये ठेवून ती गेली. जिना उतरतानाचा आवाज मी शेवटपर्यंत ऐकला. अण्णा बाहेर आले, म्हणाले, “कोण हुतं?” मी सांगितलं. मग म्हटलं, सार्वजनिक आज बंद करायचं. ते काही बोलायला गेले, माझ्याकडे बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाईक सोडायला तयार झाले. संध्याकाळपर्यंत मी तो ठिपका काढून टाकला. आता तिथे फक्त ‘खाजगी’ उरलं आहे आणि निवडायला काहीच नाही. दोन तालमी आणि एक मंगल कार्यालय आम्हाला सोडून गेले. त्यांचं काही चुकलं नाही.

शब्द बदलून सोय ठेवता आली असती, हे मला अजूनही मान्य आहे. पण चांगला शब्द शोधून मी स्वतःला सोडवून घेतलं असतं. चूक शब्दाची होती असं अण्णा लोकांना सांगतात. मी त्यांना दुरुस्त करत नाही, तेवढंही बळ राहिलेलं नाही. इथे लिहिते आहे.

आक्कांनी आमच्या कपाटातून सगळं काढून घेतलं आणि नवी वही घातली. एका डोळ्यानं, मोठ्या अक्षरात, सगळी पानं पुन्हा उतरवतात. मागच्या महिन्यात मी जाऊन आले. त्यांनी मला वही हातात दिली नाही, स्वतःच पान काढून दाखवलं. त्या मुलीचं पान होतं. ती आपणहून येऊन पुन्हा नाव घालून गेली होती. आक्कांनी सवयीनं खाली कोरा कागद धरला होता, मग तो काढून घेतला. लाल रकाना आखलेला होता, आत एक अक्षर नव्हतं.

“लिहायचं राहिलं का?” मी विचारलं.

“मी पेन उघडून बसलीती,” आक्का म्हणाल्या. “तर ती म्हणाली, आता सांगायचं काय ऱ्हायलंय, आक्का?”